ट्रुगानिनाच्या खारातला भात

बाबा वैशाखात गेले. सकाळी उठले, चहा गाळला, कप घेऊन पडवीत आले आणि खुर्चीत बसले. चुलतभाऊ आला तेव्हा चहा कपात होता. आई माझ्याकडे मेलबर्नला होती. विमानं बंद होती. अग्नी चुलतभावाने दिला. आम्ही तो फोनवर पाहिला.

आई फेब्रुवारीत आली होती, तीन महिन्यांसाठी. येताना घरचे वाल घेऊन निघाली होती, ते मेलबर्नच्या विमानतळावर काढून घेतले गेले. "पेरता येईल असं काहीही आत नेता येत नाही," असं तिला तिथल्या बाईने समजावलं. आईने तिला उलट विचारलं की मी इथे वाल पेरायला आले आहे असं माझ्याकडे बघून वाटतं का. त्या रागातच ती आमच्या घरात शिरली. बाबाही पाठोपाठ येणार होते. "बांधाचं काम उरकतो आणि आलोच," म्हणाले होते. बाबांच्या आयुष्यात बांधाचं काम कधीच उरकलेलं नव्हतं, त्यामुळे आम्ही कोणी तिकिटाची घाई केली नाही.

आमचं गाव पेणच्या पुढे, खाडीला लागून. तिथल्या शेतांना खार म्हणतात. भरतीचं पाणी अडवायला मातीचा बांध, बांधात एक उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडप, आणि आत भात. बाबा शाळेत गणित शिकवायचे, पण मनाने ते कायम त्या बांधावर असायचे. जेवताना खार, पाहुण्यांसमोर खार, निवृत्तीनंतर दर रविवारी व्हिडिओ कॉलवर खार. कॅमेरा ते नेहमी स्वतःच्या कपाळाकडे धरायचे आणि सांगत राहायचे. आई पेण शहरातली. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं त्या जमिनीशी वैर. गुडघाभर चिखलात ती कधी उतरली नाही. "मला तांदूळ माहीत आहे, भात माहीत नाही," असं ती अभिमानाने सांगायची.

आणि आता तिला भात हवा होता.

हे कळलं ते भाद्रपदात, पितृपक्षात. मेलबर्नचा दुसरा लॉकडाऊन चालू होता. घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, बाहेर पडलं तर मास्क. क्लेटनच्या युनिव्हर्सिटीची लायब्ररी बंद होती आणि मी तिच्यातली पुस्तकं आमच्या जेवणाच्या टेबलावरून सांभाळत होते. नवरा वरच्या खोलीतून कुठल्याशा पुलाचे आराखडे तपासत होता. लेक तिच्या खोलीतून शाळेत जात होती, म्हणजे तसं ती म्हणायची. आई मधल्या सोफ्यावर बसून सगळ्यांच्या मीटिंगा ऐकायची आणि संध्याकाळी मत द्यायची. "तुझ्या त्या साहेबिणीला सर्दी आहे, तिला हळद घ्यायला सांग."

त्या दिवशी मात्र तिने मत दिलं नाही, प्रश्न विचारला.

"वर्षश्राद्ध इथेच करायचं ना?"

"इथेच करू. गुरुजी व्हिडिओवरून सांगतील. मी करेन. मुलीने केलं तर चालतं, तूच विचारून घेतलंस ना?"

"चालतं. पण पिंड कसले करणार?"

"भाताचे. म्हणजे, आपल्या तांदळाचे."

"आपल्या म्हणजे कुठल्या?"

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. कपाटाखाली बासमतीची गोणी होती.

"तुझ्या पणजोबांच्या पिंडाला खारातला भात होता," आई म्हणाली. "आजोबांच्या, आजीच्याही. त्या घरात श्राद्धाला विकतचा तांदूळ कधी आला नाही. ह्यांनी येऊ दिला नाही. आणि ह्यांच्या स्वतःच्या पिंडाला काय, झिपवाल्या गोणीतला बासमती?"

हे ती रडत म्हणाली असती तर मी तिची समजूत काढली असती. ती भांडत म्हणाली. भांडणाला उत्तर द्यावं लागतं. मी म्हटलं, "बरं. पेरू या मग."

आता बी. गावाहून मागवायचा प्रश्नच नव्हता, वालांचं काय झालं ते आईला ठाऊक होतं. तिने तरी एक प्रयोग करून पाहिला. भारतीय दुकानातून लाल तांदूळ आणवला, त्यातून टरफलासकट राहिलेले दाणे निवडून ओल्या फडक्यात बांधले आणि रोज त्यांची विचारपूस केली. तांदूळ उकडा होता. उकडलेल्या दाण्याला मोड येत नाहीत हे आमच्या घरातल्या दोन पदव्युत्तर पदव्यांना आणि एका सुग्रणीला ते फडकं वास मारू लागल्यावर सुचलं.

मग शेजारी कामाला आला. आमच्या कुंपणापलीकडे एक पंजाबी सरदारजी राहतात, मोठा ट्रक चालवतात. सगळी माणसं घरात कोंडलेली असताना ते परवानगीचा कागद काचेला लावून न्यू साउथ वेल्सपर्यंत जाऊन यायचे, त्यामुळे गल्लीत त्यांचा मान वाढला होता. तिकडे आत, मुरंबिजी नदीच्या बाजूला, भात पिकतो. आईने कुंपणाच्या फटीतून आपली अडचण सांगितली. तिचं हिंदी दूरदर्शनवर पोसलेलं.

"भाऊसाहेब, हमको थोडा भात मंगता है."

"माताजी, चावल? अभी ला देता हूँ, घर में दस किलो पड़ा है."

"वो नहीं. कपडे के साथ."

सरदारजी गोंधळले. मी धावत बाहेर गेले आणि सांगितलं, "धान, धान. छिलकेवाला." त्यांना केवढं हसू आलं. पण कशासाठी हवं ते सांगितल्यावर त्यांनी पगडीला हात लावला आणि एवढंच म्हणाले, "हो जाएगा."

पुढच्या फेरीहून आले ते ब्रेडच्या रिकाम्या पिशवीत धान भरून. कुणा शेतकऱ्याने नुसतं दिलं होतं. कुंपणावरून पिशवी देताना म्हणाले, "हमारे पंजाब में धान उगाते हैं माताजी, खाते नहीं. आप भी रोटी पे आ जाओ, सब झंझट ख़तम."

"रोटी का पिंड नहीं होता, भाऊसाहेब," आई म्हणाली.

आता खरी अडचण. घरात बी होतं, पाणी होतं, अंगण होतं, आणि भात लावायचा कसा हे कोणालाही माहीत नव्हतं. ज्याला विचारलं असतं तोच नव्हता. गावी चुलतभावाला फोन केला तर तो म्हणाला, "काका सांगायचे तसं मी करायचो. ते बांधावर उभे राहायचे, मी करायचो. का करायचो ते काय मी विचारलं नाही." मग आम्ही संध्याकाळी चहा घेऊन बसायचो आणि बाबा काय काय म्हणायचे ते आठवायचो. हे दिवस वाईट होते असं मला आज म्हणवत नाही. एरवी आम्ही दोघी त्यांचं नाव काढायचं टाळत होतो. आता भाताच्या निमित्ताने रोज निघायला लागलं.

"हे म्हणायचे, खारात कोवळं रोप लावायचं नाही. चांगलं जून होऊ द्यायचं."

"मला आठवतंय ते वेगळंच. पहिलं पाणी सोडून द्यायचं, असं काहीतरी. पहिल्या पावसाचं पाणी शेतात ठेवायचं, मग ओहोटीला उघाडीतून बाहेर."

"ते कशाला?"

"मीठ धुऊन जायला."

"मग इथे काय संबंध? इथे कुठे मीठ आहे?"

खरंच नव्हतं. निदान आम्हाला तसं वाटलं. ट्रुगानिना ही आमची मेलबर्नच्या टोकाची वस्ती नवी, घरासमोर प्लॅस्टिकची हिरवळ, मागे थोडी मोकळी जागा. खणली तर चिकट काळी माती. आई खुश झाली. हार्डवेअरच्या दुकानातून मोठे टब मागवले, बुडाला भोक नसलेले, कारण भाताला पाणी साचलेलं हवं एवढं आम्हालाही माहीत होतं. त्यात माती भरली. रोपं कपडे धुवायच्या खोलीत खिडकीशी वाढवली, बाहेर अजून थंडी होती. लॉकडाऊन उठला त्या सुमाराला ती टबांत लावली. आईने पहिल्यांदा चिखलात हात घातला, बांगड्या कोपरापर्यंत सरकवून. "ह्यांनी बघितलं असतं तर पेढे वाटले असते," म्हणाली.

त्या वर्षी अधिक महिना आला होता, त्यामुळे बाबांची तिथी इंग्रजी कॅलेंडरवर पुढे सरकून मेच्या मध्यावर गेली. आईने त्याचा अर्थ असा लावला की बाबांनी रोपांना मुदतवाढ मिळवून दिली. आयुष्यभर त्यांनी दहावीच्या मुलांना ती कधी दिली नव्हती.

इथे आमच्या नळांबद्दल सांगायला हवं. आमच्या वस्तीत प्रत्येक घराला दोन प्रकारचं पाणी येतं. एक नेहमीचं, पिण्याचं. दुसरं सांडपाणी शुद्ध करून परत पाठवलेलं, संडासाच्या टाकीला आणि बागेला. त्या दुसऱ्याचा नळ सगळीकडे जांभळ्या रंगाचा असतो, चुकून कोणी पिऊ नये म्हणून. आईने पहिल्याच दिवशी फर्मान काढलं होतं की पिंडाच्या भाताला जांभळ्या नळाचा थेंब लागता कामा नये. ती स्वतः स्वयंपाकघरातून बादली भरून नेत असे.

जानेवारीत ऊन तापलं. टबांतलं पाणी दिवसात आटायचं आणि आईचे गुडघे बोलू लागले. माझ्या नवऱ्याला ते बघवेना. तो इंजिनिअर आहे. म्हणजे एखाद्याचं दुःख दिसलं की तो त्याला टायमर लावतो. एका रविवारी त्याने टबांपर्यंत काळी नळी ओढली, ठिबक बसवलं आणि आईला सांगितलं, "आई, आजपासून बादली बंद. आपोआप पाणी येईल." आईने त्याला लाडू केले. नळी कुठल्या नळाला जोडली आहे हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. टबांजवळ नळ एकच होता.

काही आठवड्यांनी रोपांच्या पानांची टोकं तपकिरी पडली. मग कडा गुंडाळू लागल्या. पाण्यात उभी असलेली रोपं तहानलेली दिसत होती. पाठोपाठ, टबाच्या कडेला जिथे चिखल सुकायचा तिथे पांढरी साय धरली.

ती साय आईने आधी पाहिली. मला हाक मारली ती अशी, की दारात कोणी आलंय असं वाटावं.

"अगं, ये ना! मीठ फुटलंय बघ! तिकडे उन्हाळ्यात फुटतं ना खारात, अगदी तस्संच!"

आणि मी काही म्हणायच्या आत तिने चिखलाला बोट लावलं आणि बोट जिभेवर ठेवलं. बाबा असं करायचे. पाहुण्यांसमोरही करायचे, आणि ती दर वेळी शरमेने आत निघून जायची.

"खारट आहे," ती म्हणाली. डोळे मिटले होते. "ह्यांच्या शेतासारखं खारट आहे."

माझा नवरा नेमका कपडे वाळत घालायला बाहेर आला होता. हातात ओला टॉवेल तसाच धरून त्याने विचारलं, "आई, तुम्ही काय खाल्लंत?"

"माती."

"त्या टबातली?"

"मग काय तुमच्या बुटातली, जावईबापू?"

त्याचा चेहरा बघून मला सगळं कळलं. त्याची नजर काळ्या नळीवरून हळूहळू भिंतीकडे गेली. आईची नजर त्याच्या नजरेमागून गेली. भिंतीवर जांभळा नळ होता.

पुढचा अर्धा दिवस आई गुळण्या करत होती. तुळस, गंगाजल, मग लेकीचा माउथवॉश. लेक दाराशी उभी राहून सांगत होती, "आजी, इट्स लिटरली ट्रीटेड. इट्स फाइन. आम्ही स्कूलमध्ये प्रोजेक्ट केलंय."

"तुझ्या शाळेत पिंड घालतात का?"

"नो..."

"मग गप बस."

जावयाशी तिने बोलणं सोडलं. एका टेबलावर बसून ती नातीला सांगायची, "बाबाला विचार, भाजी वाढू का." तो नातीमार्फत हो म्हणायचा. लेकीने दोन दिवसांत या कामाचा पगार मागितला. शेवटी गावच्या गुरुजींना फोन झाला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नळाचा रंगही विचारला, आणि म्हणाले की नदीत काय काय सोडतात ते बघितलं तर आपल्याला कुठलंच पाणी चालायचं नाही. वरून चांगलं पाणी घाला, वाहून जाऊ द्या, शुद्ध झालं. आईचं पाण्यापुरतं समाधान झालं. पण रोपं वाळतच होती.

दुःखात माणसं भजनं ऐकतात. मी शोधनिबंध वाचले. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत असण्याचा तेवढा फायदा. भात आणि मीठ एवढे दोन शब्द टाकले तर वाचून संपणार नाही एवढं समोर आलं. मातीत मीठ वाढलं की मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पाण्यात उभं रोप तहानलेलं. मग मीठच आत शिरतं आणि जिथे पोटॅशियमने काम करायचं तिथे सोडियम जाऊन बसतं. आमच्या जांभळ्या पाण्यात मीठ थोडंसंच होतं, बागेला काही होत नाही. पण टबांना भोक नव्हतं. पाणी उडून जात होतं, मीठ खाली राहत होतं, आणि टायमर रोज आणखी घालत होता. नवऱ्याचं माशांच्या टाकीतले क्षार मोजायचं मीटर टबात बुडवलं तर आकडा एवढा चढला की तो मीटरच बिघडलंय म्हणाला.

एक गोष्ट मी आईला वाचून दाखवली. रोप आत आलेलं मीठ जुन्या पानांमध्ये साठवतं आणि ती पानं वाळू देतं, म्हणजे नवीन पान वाचतं.

आई मटार सोलत होती. "म्हणजे म्हाताऱ्यांनी मीठ गिळायचं आणि वाळायचं," ती म्हणाली. "हे शोधायला माणसं परदेशात शिकतात?"

पण दुसऱ्या एका निबंधाशी मी थांबले. त्यात लिहिलं होतं की भाताला मीठ सगळ्यात जास्त बाधतं ते दोनदा, अगदी रोप असताना आणि फुलोऱ्याच्या वेळी. मधल्या काळात तो बरंच सोसतो. मी वाचता वाचता उठले. हे मी ऐकलं होतं. कपाळावर कॅमेरा धरलेला तो आवाज मला स्पष्ट आला. बाळाला आणि पोटुशीला मीठ द्यायचं नाही, मधल्या वयात भात काय वाटेल ते खातो.

"आई, बाबा असं म्हणायचे का? बाळाला आणि पोटुशीला?"

आईचे हात थांबले. "म्हणायचे," ती म्हणाली. "मला वाटायचं मला टोमणा मारतात. तू पोटात असताना मी लोणची फार खायची."

आम्ही दोघी हसायला लागलो ते बराच वेळ हसलो. हसता हसता तिचं रडणं कधी सुरू झालं ते दोघींनाही कळलं नाही. वैशाखापासून ती माझ्यासमोर रडली नव्हती. मटार तसेच राहिले.

भात अजून पोटरीत यायचा होता, लोंबी पोटात धरायची होती. म्हणजे वेळ होती.

जून रोप, पहिलं पाणी, बाळ आणि पोटुशी, असं सगळं एकत्र ठेवलं तर काय करायचं ते समोरच होतं. टबांना उघाडी हवी होती. नवऱ्याने प्रायश्चित्त म्हणून ड्रिल काढलं, प्रत्येक टबाला बुडाशी भोक पाडलं आणि वाइनच्या बाटल्यांची बुचं त्यात ठोकली. आईने त्याच्याकडे न बघता विचारलं, "एवढी बुचं घरात कुठून आली?" सहा महिन्यांतलं त्यांचं ते सर्वांत मोठं संभाषण होतं असं तो अजून सांगतो. ते खोटं आहे, पण त्याला सांगायला आवडतं.

मग भरती-ओहोटी सुरू झाली. सकाळी चांगलं पाणी टबभर भरायचं, ते मातीत मुरू द्यायचं, संध्याकाळी बूच काढायचं. काळपट पाणी फरशीवरून गटाराकडे जायचं. त्या उन्हाळ्यात पाऊस बरा झाला. छपराचं पाणी पिंपात साठवून तेही घातलं. बूच काढण्याचा अधिकार फक्त आईला होता. खुर्ची टाकून बसायची आणि नवऱ्याच्या हातात मीटर द्यायची. आकडा उतरला की म्हणायची, "ओहोटी चांगली लागली." सरदारजी कुंपणावरून विचारायचे, "माताजी, आज समुंदर कैसा है?"

एक टब गेलाच होता. त्यातली रोपं वाळून गवत झाली. दुसऱ्यातली जगली आणि वेळेवर निसवली, पण लोंब्या सरळ उभ्या राहिल्या, पांढरट. मला त्या दिसायला सुंदर वाटल्या. आईने एक दाणा चिमटीत धरून दाबला, आत काहीच नव्हतं. "पोचट," ती म्हणाली. "सरळ उभी लोंबी म्हणजे पोचट. हे मला माहीत आहे बघ. हे कधीतरी सांगून गेलेत आणि मला माहीतही नाही की मला माहीत आहे." तिसऱ्या टबात, भिंतीच्या आडोशाला, एप्रिलमध्ये लोंब्या वाकल्या. सगळ्या नाहीत.

कापणी आईच्या कात्रीने झाली. टरफल काढायला खलबत्ता, पाखडायला पिझ्झाचा ट्रे. वाऱ्याची चिंता नव्हती, ट्रुगानिनात वारा हीच एक गोष्ट फुकट आणि भरपूर मिळते. लेकीने फोनवर शूटिंग केलं. आईने ट्रे हवेत उडवला तसा अर्धा कोंडा तिच्या केसांत गेला. शेवटी जे उरलं ते आईने वाटीत ओतलं आणि वाटी आमच्यासमोर ठेवली. वाटी भरली नव्हती.

पिंड तीन लागतात. वडील, आजोबा, पणजोबा. एवढ्या तांदळात तीन होणार नव्हते. मी म्हटलं, "मिसळू या का? थोडा बासमती घालून?"

आईने वाटी जवळ ओढली आणि दाणे बोटाने एका बाजूला केले.

"नको," ती म्हणाली. "तुझ्या आजोबांना आणि पणजोबांना बासमतीचे कर. त्यांनी जन्मभर खारातलाच खाल्लाय, त्यांना जरा बदल. हा ह्यांना."

मेच्या मध्यावर, थंडीतल्या एका सकाळी, श्राद्ध झालं. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, त्यात गुरुजी, त्यांच्या मागे पेणच्या रस्त्यावरचे हॉर्न. तिकडे तेव्हा दुसरी लाट होती. गुरुजी मधूनमधून थांबून खोकायचे आणि आम्ही सगळे घाबरून स्क्रीनकडे बघायचो. "साधा खोकला आहे, ताई, पुढे म्हणा," ते म्हणायचे. मी पिंड वळले. दोन मोकळ्या शितांचे होते, वळताना सुटत होते. तिसरा, मुरंबिजीच्या बुटक्या तांदळाचा, हातात लगेच गोळा झाला. नवरा मागे सोवळं नेसून उभा होता. आईने त्याच्याकडे वळून थेट सांगितलं, "तुम्हीही नमस्कार करा. ठिबक तुमचं होतं."

दुपारी पिंड वेरिबी नदीत सोडले, ती समुद्राला मिळते तिथे. मासे पकडणाऱ्या एका म्हाताऱ्याने गळ बाजूला घेतला आणि आम्हाला जागा करून दिली.

घरी आल्यावर मी भांडी घासली. ज्या पातेलीत बाबांचा भात शिजवला होता तिला तळाशी थोडी शितं चिकटली होती. ती खरवडून आम्ही दोघींनी ओट्याशी उभ्या उभ्या खाल्ली. आईने नीट चावून पाहिलं.

"ह्यांना आवडला नसता," ती म्हणाली. "गोडमिट्ट आहे. पण खाल्ला असता."

पुढच्या वर्षी विमानं सुरू झाल्यावर आई परत गेली. ती आता पेणला, माहेरच्या गल्लीत राहते. चुलतभाऊ थकला, त्याने खारातली जमीन कोळंबीवाल्यांना दिली. त्यांनी उघाडी मोडून खाडीचं पाणी आत घेतलं, आता तिथे भात होत नाही. मी क्लेटनला ट्रेनने जाते, आठवड्यातले तीन दिवस. मागच्या अंगणात दोन टब आहेत. एकात आईने जाताना लावलेला पुदिना आहे, दुसऱ्यात मी दर ऑक्टोबरला भात लावते. वाटीभर होतो.